बसणें, बसविणें आणि 'सेट'

एका वाचकभगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांच्या मुलास शाळेंत 'सेट' या इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ लिहावयास सांगितला होता. त्यानें 'बसविणें' असें लिहिलें. गुरुजींनीं त्यावर लाल काट मारून शेजारीं 'ठेवणें' असें लिहून दिलें. मुलगा दोन दिवस रुसला. आजोबांनीं गुरुजींचा पक्ष घेतला, काकांनीं मुलाचा. आणि रात्रीच्या पंगतींत शब्दानें शब्द वाढूं लागला, तेव्हां बाईंनीं हा वाद आमच्याकडे धाडला. "खरें कोणाचें, तें एकदां सांगून टाका," असें त्या लिहितात.

सांगून टाकण्याइतकें हें प्रकरण सोपें नाहीं. शब्द इंग्रजी तीन अक्षरांचा खरा. परंतु त्यानें भल्याभल्यांस घाम फोडला आहे.

ऑक्सफर्डच्या थोर इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांनीं आपल्या घराच्या बागेंत पत्र्याची एक खोली उभारली होती. देशोदेशींच्या वाचकांनीं पाठविलेल्या लक्षावधि चिठ्ठ्या तेथें येत; प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द आणि तो ज्या वाक्यांत आढळला तें वाक्य. मरे यांस अकरा अपत्यें होतीं, आणि त्या सर्व मुलांनीं खाऊच्या पैशांसाठीं या चिठ्ठ्या अक्षरानुक्रमें लावून दिल्या. एवढा विद्वन्मान्य ग्रंथ, पण त्याच्या पायाशीं घरांतल्या पोरांचे हात आहेत, हें वाचून आमच्यासारख्या भरल्या घरांतल्या माणसास बरें वाटतें. कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला. संपूर्ण कोश पुरा झाला तो १९२८ सालीं. मरे १९१५ सालींच निवर्तले होते.

या कोशांत 'सेट' हें क्रियापद हेन्री ब्रॅडली या दुसऱ्या संपादकाच्या वांट्यास आलें. त्यास अठरा पृष्ठें पुरलीं नाहींत. शेवटीं 'सेट अप' या एका जोडशब्दाचे पोटअर्थ दाखवितांना इंग्रजीचीं सव्वीसहि अक्षरें संपलीं, आणि पुन्हा दुहेरी अक्षरें घेऊन पुढें मोजीत जावें लागलें. १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदलेले असून त्यांच्या विवरणास सुमारें ६०,००० शब्द लागले आहेत. एवढ्या शब्दांत आपल्याकडे एक कादंबरी होते. पुढें हा मान 'रन' या शब्दानें हिरावून घेतला. २०११ सालीं त्याच्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजण्यांत आले, आणि पीटर गिलिव्हर या संपादकाचे त्यांत नऊ महिने गेले.

आतां एवढे अर्थ आले कोठून? मूळ पाहूं गेल्यास गोष्ट अगदीं घरगुती आहे. इंग्रजींत 'सिट' म्हणजे बसणें. त्याचें प्रयोजक रूप तें 'सेट'. म्हणजे बसावयास लावणें, बसविणें. आपण बसणें-बसविणें म्हणतों, तशीच ही जोडी. अर्थात् वाचकभगिनींच्या चिरंजीवांनीं जो अर्थ लिहिला तो या शब्दाचा जन्माचा अर्थ आहे. त्यावर लाल काट पडावी हें थोडें दुर्दैवच.

नातें येथेंच संपत नाहीं. संस्कृतांत 'सद्' धातूचा अर्थ बसणें. सदन, सभासद, परिषद्, उपनिषद् हे सर्व त्याच कुळांतले. त्याचें प्रयोजक 'सादयति', म्हणजे बसवितो. हें रूप आणि इंग्रजी 'सेट' हे एकाच प्राचीन मुळाचे दोन फांटे आहेत. होमाच्या वेळीं भटजी दर्भांवर पात्रें मांडून ठेवतात, त्या विधीस पात्रासादन म्हणतात. टेबलावर बशा मांडण्यास साहेबहि 'सेट' हाच शब्द वापरतो. माझ्या एका पुरोहित स्नेह्यांस मीं हें सांगितलें, तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, मग म्हणाले, "म्हणजे आमचेंहि टेबलच कीं हो!"

हें मूळ हातीं धरलें म्हणजे पुष्कळ वाटा उजळतात. डॉक्टर मोडलेलें हाड 'सेट' करतो; आपणहि हाड बसवितों. जवाहिऱ्या हिरा 'सेट' करतो. आपला सोनार खडा कोंदणांत बसवितो. सूर्य 'सेट' होतो, म्हणजे दिवसभर चालून अखेर बसतो. संस्कृतांत 'अस्त' याचा एक जुना अर्थ घर असा आहे. तेव्हां त्यांचा सूर्य संध्याकाळीं बसतो आणि आपला घरीं जातो, एवढाच फरक.

जेथें बसविणें चालत नाहीं, तेथें पुष्कळदां आपलें 'लावणें' धांवून येतें. घड्याळ लावणें, सापळा लावणें, आग लावणें, गीतास चाल लावणें, दुधास विरजण लावणें. या सर्व ठिकाणीं इंग्रजी माणूस 'सेट' म्हणेल. गंमत अशी कीं लागणें-लावणें ही जोडीहि बसणें-बसविणें याच घडणीची आहे. आणि जेथें दोन्ही थिटीं पडतात, तेथें निराळा शब्द शोधावा लागतो. परीक्षक प्रश्नपत्रिका 'सेट' करतो, आपण ती काढतों. छापखान्यांत मजकूर 'सेट' होई, आपले लोक खिळे जुळवीत. मुरांबा आळतो, सिमेंट घट्ट होतें, पावसाळा सुरू होतो. 'ठेवणें' हा एकच अर्थ पाठ केलेल्या मुलानें येथें काय करावें?

चहाचा सेट मात्र या घराण्यांतला नव्हे. समूह या अर्थाचा 'सेट' फ्रेंच भाषेंतून आला, आणि तो लॅटिनमधील 'सेक्टा', म्हणजे अनुयायांचा पंथ, या शब्दापासून. त्याच्या मुळाशीं अनुसरणें, सोबत जाणें हा अर्थ असून आपला 'सचिव' त्याच दूरच्या नात्यांतला आहे. दोन निराळ्या घरचे शब्द एकाच उच्चारांत येऊन मिसळले आणि पुढें एकमेकांचे अर्थ घेऊं लागले. कॉलेजांतील अध्यापकांची जी 'सेट' परीक्षा, ती तर केवळ आद्याक्षरांची; तिचा या कुळाशीं कांहींच संबंध नाहीं. आणि अलीकडे घरांतलीं मुलें "तो पुण्यांत सेट झाला" असें म्हणतात, तेव्हां तें वाक्य साहेबासहि उमगणार नाहीं. तें आतां मराठीच समजावें.

येथवर सारी मौज आहे. पण एका अर्थावर विसंबण्याची किंमत आमच्या घरानें एकदां रोख मोजली आहे, म्हणून ती हकीकत सांगतों.

माझ्या लहानपणीं कोंकणांतील आमच्या राहत्या घराबद्दल दावा चालू होता. खालच्या न्यायालयांत निकाल आमच्या विरुद्ध गेला. काकांनीं वर अपील केलें. त्या आषाढांत मुंबईहून वकिलांची तार आली. (तारेची ती सेवा २०१३ सालीं बंद झाली, त्या काळीं मात्र तार म्हटली कीं घर हादरत असे.) तारेंत शब्द इतकेच : "डिक्री सेट असाइड. पत्र मागाहून." माझा चुलतभाऊ त्याच वर्षीं इंग्रजींत पहिला आलेला. त्यानें तार हातांत घेऊन ऐटींत अर्थ सांगितला : "सेट म्हणजे ठेवणें, असाइड म्हणजे बाजूला. निकाल बाजूला ठेवला आहे." कोशांतहि तेंच निघालें. काका ओटीवर मटकन् बसले. "म्हणजे लांबणीवर पडला. आणखी चार वर्षें!"

पावसानें घाटांत दरड कोसळून टपाल अडलें. वकिलांस पुढील खर्चाचे पैसे पाठविले पाहिजेत म्हणून काकूंनीं हातांतल्या पाटल्या काढून दिल्या, आणि काका त्या गहाण टाकून आले. निकाल लागेपर्यंत भात खावयाचा नाहीं असा आजीचा नेम होता. तो तसाच चालू राहिला. सतराव्या दिवशीं पत्र आलें. खालचा निकाल रद्द झाला होता. घर आमचें राहिलें होतें, तें त्या तारेच्या दिवसापासूनच.

कायद्याच्या भाषेंत 'सेट असाइड' म्हणजे रद्द करणें, निकाल फिरविणें. आणि मुलीच्या लग्नासाठीं पांचशें रुपये 'सेट असाइड' केले, असें कोणी लिहिलें तर ते रुपये रद्द झाले नाहींत. जपून राखून ठेवले, असा अर्थ. तेच दोन शब्द, पण एकदां मोडतात आणि एकदां सांभाळतात. माझ्या भावास दोन्ही शब्द येत होते. ते न्यायालयाच्या शेजारीं बसले म्हणजे काय म्हणतात, हें त्यास कोणी शिकविलें नव्हतें. पाटल्या सोडवून आणण्यास पुढें दीड वर्ष गेलें. काकू त्याबद्दल त्यास कधीं बोलल्या नाहींत. त्यानेंच पुढें कित्येक दिवस इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानें वाचून दाखविण्याचें सोडलें.

तेव्हां भगिनींनीं गुरुजींशीं भांडूं नये. 'ठेवणें' हाहि या शब्दाचा एक अर्थ आहेच. मुलास मात्र सांगावें कीं त्यानें लिहिलेलें चूक नव्हतें, आणि हें आजोबांच्या देखत सांगावें. मग त्याला वही घेऊन बसवावें व नुसता शब्द न देतां वाक्यें द्यावीं : घड्याळाचें एक, मोडलेल्या हाडाचें एक, विरजणाचें एक, सूर्याचें एक, न्यायालयाचें एक. प्रत्येकास मराठींत आपण काय म्हणतों, तें त्यानेंच शोधावें. अडेल तेथें आजीस विचारावें, कोशास मागाहून. विरजणाच्या वाक्यास तरी आजीच पहिली पोंचेल, याबद्दल मला शंका नाहीं.

आजोबांनीं आणि काकांनीं पुढचा वाद 'रन' या शब्दावर घालावा. तो नऊ महिने सहज पुरेल.