पडदा रिकामा आला की

सत्र सुरू झालं की आपल्या ग्रंथालयांत 'ओळख कार्यक्रम' उरकतात. नव्या मुलांना रांगेने फिरवायचं, ओपॅक दाखवायचा, डेटाबेसची नावं वाचायची, सह्या घ्यायच्या. आठवड्याने कुणाला काही आठवत नाही. वार्षिक अहवालातला रकाना तेवढा भरतो.

शोध शिकवायचा तो गरज पडेल तेव्हा. बंगळुरूच्या सर्जापूर रोडकडचं अझीम प्रेमजी विद्यापीठ घ्या. तिथे शिक्षण विषयात एम.ए. करणाऱ्या एखादीला जोतीराव फुल्यांच्या हंटर आयोगापुढच्या निवेदनावर टिपण लिहायचंय, असं धरू. तिने 'हंटर कमिशन' टाकलं तर बरंच निसटतं, कारण आयोगाचं अधिकृत नाव 'इंडियन एज्युकेशन कमिशन'. नुसतं 'एज्युकेशन कमिशन' टाकावं, तर 1964-66 चा कोठारी आयोग अंगावर येतो. मग ती वैतागून फिल्टरमध्ये 1882 भरते आणि पडदा रिकामा! ते रकाने प्रकाशनवर्षाचे असतात, घटनेच्या सालाचे नव्हेत, हे तिला त्याच क्षणी सांगा. एखादं नेमकं पुस्तक हाती लागलं की त्याच्या नोंदीतल्या विषयशीर्षकावर टिचकी मारून पुढे कसं जायचं, तेही तेव्हाच दाखवा. पुढच्या वेळी ती तुम्हाला विचारायला येणार नाही.

पण रिकाम्या पडद्याचा दोष निम्मा आपलाही आहे. प्रमाण रोमन लिप्यंतरात फुल्यांच्या 'गुलामगिरी'तल्या 'म'नंतर 'a' येतो. मुलं तो टाकत नाहीत. लेखक कुठे जोतीराव, कुठे जोतिबा, कुठे ज्योतिराव, कुठे नुसते महात्मा. मार्कच्या 880 मध्ये देवनागरी नोंद, 246 मध्ये शीर्षकाची पर्यायी रूपं आणि प्राधिकार नोंदीत नावांचे 'पाहा' संदर्भ भरायला कोहात कसलीच अडचण नाही. कंटाळा आपला. रंगनाथनांनी 1962 मध्ये बंगळुरूतच डीआरटीसी सुरू केली; वाचकाचा वेळ वाचवा हा त्यांचा चौथा नियम आपण भिंतीवर लावतो आणि नोंदी करताना विसरतो.

तेव्हा यंदा प्राध्यापकांकडे पहिल्या आठवड्यातला तास मागू नका. टिपणाचा विषय ठरतो त्या आठवड्यातला अर्धा तास मागा आणि मुलांना आपापले विषय घेऊनच बसवा. संदर्भ टेबलावर एक वही ठेवा: कोणी काय शोधलं आणि सापडलं नाही, एवढंच त्यात उतरवायचं. महिनाअखेरीस ती वही तालिकाकाराच्या हाती द्या.