घरातली चौथी लेक

मैत्रिणींनो, गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या जिल्ह्यात नावांवर आणि कबरींवर किती बोललं गेलं! २०२३ मध्ये आधी शहराचं आणि मग जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण तापलं, तिकडे नागपुरात दंगल झाली, इकडे आपल्या भागात बंदोबस्त लागला. टीव्ही लावला की तेच, पारावर तेच. कोण बरोबर आणि कोण चूक हे सांगायला भरपूर मंडळी बसली आहेत, त्यात मी आणखी भर घालत नाही. पण या सगळ्या आरडाओरड्यात एका बाईचं नाव काही माझ्या कानावर आलं नाही. आज तिच्याविषयीच बोलू.

कन्नडहून निघालं की वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद मागे टाकत आपण शहरात शिरतो. घरी पाहुणे आले की त्यांना बीबी का मकबरा दाखवायला नेतो, फोटो काढतो, ‘अगदी ताजमहालासारखा’ म्हणतो आणि परत येतो. ही ‘बीबी’ कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. ती दिलरस बानू बेगम, औरंगजेबाची पत्नी. तिच्या पहिल्या तीन लेकी. थोरली जेबुन्निसा १६३८ साली आपल्या दौलताबादेतच जन्मली आणि पुढे कवयित्री म्हणून नावारूपाला आली. तीन मुलींनंतर मुलगा झाला. मग पाचवं बाळंतपण, आणि त्यानंतर महिन्याभरातच, ऑक्टोबर १६५७ मध्ये, दिलरस बानू औरंगाबादेत गेली. राजवाड्यात राहणारी, दासदासी, हकीम हाताशी असलेली बाई बाळंतपणानंतर वाचली नाही.

मरणानंतर तिला किताब मिळाला ‘राबिया-उद-दौरानी’. अर्थ असा, की ‘या काळातली राबिया’. शाही घराण्यातल्या बेगमेचा गौरव करायचा तर एखाद्या राणीचं नाव शोधलं असतं. पण ज्या राबियाचं नाव तिला दिलं, ती कुणी राणी नव्हती. ती होती गरिबाघरची लेक, आणि काही काळ तर चक्क विकत घेतलेली गुलाम.

ही राबिया इस्लामच्या सुरुवातीच्या काळातली. आजच्या इराकमध्ये बसरा नावाचं बंदराचं शहर आहे, तिथली. इसवी सन ७१७ च्या सुमारास तिचा जन्म झाला आणि ८०१ च्या सुमारास ती गेली असं मानतात. अरबी भाषेत राबिया म्हणजे ‘चौथी’. घरात आधी तीन मुली, ही चौथी, म्हणून नाव राबिया. म्हणजे नाव कसलं, मोजणीच ती! आपण जनाबाईला, मुक्ताईला मायेने ‘ती’ म्हणतो, तशीच मी राबियालाही ‘ती’ म्हणते आहे. आपल्या मुस्लिम मैत्रिणींनी गैरसमज करून घेऊ नये.

तिच्या कथा फरीदुद्दीन अत्तार या फारसी कवीने सुमारे चारशे वर्षांनंतर लिहून ठेवल्या. संतांच्या कथांत भक्त भर घालतात, तशी इथेही पडली असणार. तरी कथा ऐकण्यासारख्या आहेत. तिचा जन्म झाला त्या रात्री घरात दिव्याला तेल नव्हतं आणि बाळाला गुंडाळायला फडकं नव्हतं. आईने नवऱ्याला सांगितलं, शेजारी जाऊन थोडं तेल मागा. माणूस मानी. शेजाऱ्याच्या दारापर्यंत गेला आणि न मागताच परत आला. त्या रात्री त्याच्या स्वप्नात पैगंबर आले आणि म्हणाले, दुःख करू नकोस, ही मुलगी फार मोठी होणार आहे.

पुढे आईबाप गेले. बसऱ्यात दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या बाईला वेगळं सांगायला नको. चौघी बहिणींची ताटातूट झाली. राबिया एकाच्या हाती लागली, त्याने तिला सहा दिरहमला विकलं. सहा दिरहम म्हणजे चांदीची सहा नाणी! दिवसभर मालकाच्या घरी राबायचं आणि रात्री सगळे झोपले की प्रार्थनेला उभं राहायचं, असा तिचा क्रम. एका रात्री मालकाने तिला प्रार्थनेत बघितलं. तिच्या डोक्यावर अधांतरी दिवा तेवत होता, असं कथा सांगते. सकाळी त्याने तिला मोकळं केलं. आपल्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दोघी दासी, दोघींचा दिवस दुसऱ्याच्या कामात गेलेला, आणि दोघींनाही देव भेटला तो कामाच्या घरातच.

मोकळी झाल्यावर राबियाने काय केलं? लग्न केलं नाही. चांगली स्थळं आली, थोरामोठ्यांची आली, तिने नको म्हटलं. लोकांनी पैसे देऊ केले, तेही घेतले नाहीत. घरात म्हणे एक जुनी चटई, फुटका घडा आणि उशाला वीट. तरीही मोठमोठे विद्वान तिच्याकडे प्रश्न घेऊन यायचे आणि ती त्यांना सडेतोड उत्तरं द्यायची. पुढच्या सूफी संतांनी तिला आदराचं स्थान दिलं. आपल्या खुलताबादला ज्या सूफींचे दर्गे आहेत, त्यांच्या परंपरेतही हे नाव मानाने घेतलं जातं.

तिची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट आग आणि पाण्याची. एकदा राबिया एका हातात आग आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन निघाली. लोकांनी विचारलं, काय चाललंय हे? ती म्हणाली, स्वर्गाला आग लावायची आहे आणि नरक विझवायचा आहे. म्हणजे मग स्वर्गाच्या लोभाने किंवा नरकाच्या भीतीने कुणी देवाची भक्ती करणार नाही. करतील ते फक्त देवासाठी करतील.

आता तुम्ही म्हणाल, बाराशे वर्षांपूर्वीच्या या बाईचा आणि आपल्या चालू घडामोडींचा संबंध काय? संबंध आहे. पहिला संबंध तिच्या नावातच आहे.

आपल्याकडे म्हणतात, पहिली बेटी धनाची पेटी. दुसरी झाली की ‘असू द्या, लक्ष्मीच आहे’. तिसरीला सगळे गप्प. आणि चौथीला? दवाखान्याच्या व्हरांड्यातच सासू डोळ्याला पदर लावते. बचत गटाच्या बैठकीत बाया हे सगळं हसत सांगतात, पण ते हसू काही खरं नसतं. साताऱ्याकडे अशा मुलींचं नावच ‘नकुसा’ ठेवायचे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन अडीचशेहून जास्त नकुसांना नवीन नावं दिली. हरियाणा-राजस्थानकडे ‘भतेरी’ ठेवतात, म्हणजे पुष्कळ झाल्या. तमिळनाडूत ‘वेंडाम’, म्हणजे नको. धर्म, भाषा, प्रांत कोणताही असो, चौथीचं स्वागत सगळीकडे सारखंच!

आणि नाव तरी तिला मिळतं, जी जन्माला येते. न आलेल्यांचं काय? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७! गर्भलिंग तपासणीवर देशात सर्वात आधी, १९८८ मध्ये, कायदा केला तो आपल्याच राज्याने. देशाचा कायदा १९९४ चा. तरीसुद्धा २०१२ मध्ये परळीचं प्रकरण बाहेर आलं आणि सगळं राज्य हादरलं. त्यानंतर सुधारलं असेल म्हणावं, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातलं जन्मावेळचं प्रमाण २०१५-१६ च्या फेरीत ९२४ होतं, ते पुढच्या फेरीत ९१३ वर आलं.

इस्लामपूर्व अरबस्तानात नवजात मुलीला जिवंत पुरण्याची चाल होती. कुराणात त्यावर कडक शब्दांत सांगितलंय, की शेवटच्या निवाड्याच्या दिवशी त्या पुरलेल्या मुलीलाच विचारलं जाईल, बाई, कुठल्या गुन्ह्यासाठी तुला मारलं? केवढा मोठा प्रश्न आहे हा! तोच प्रश्न आज सोनोग्राफीच्या खोलीबाहेर कुणी विचारला, तर आपल्यापैकी कितीजण उत्तर देऊ शकतील? आणि दोष कुणाला, तर सुनेला. मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे शाळेच्या पुस्तकातलं ज्ञान माजघरापर्यंत काही अजून पोचत नाही.

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणता येणार नाही. ‘लेक लाडकी’ योजनेत १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या, पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्या घरातल्या मुलीला टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात. त्यातले ७५ हजार अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा नियम झाला. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, त्यांचं स्वागतच करायला हवं.

पण बारकाईने बघा. ‘लेक लाडकी’ एक किंवा दोन मुलींसाठी आहे. कुटुंब लहान राहावं हा हेतू समजण्यासारखा आहे आणि तो योग्यही आहे. तरी घरातली चौथी त्यात बसत नाही. आई चार वेळा बाळंतीण झाली ती हौसेने नव्हे, घराने मुलाची वाट बघायला लावली म्हणून. तिचं शरीर झिजलं आणि चौथी मुलगी घरालाही नको, यादीतही नाही. आता तिला प्रेमाने वाढवायचं, तर कुणाच्या भरवशावर?

इथे मला राबियाचे ते दोन हात आठवतात. लेक वाचवा म्हणताना आपण समाजाला काय सांगतो? एक तर भीती दाखवतो. मुली कमी झाल्या तर मुलांना बायका कुठून मिळणार? गावोगाव लग्नाची मुलं बसून आहेत, बघा! नाहीतर लोभ दाखवतो. मुलगीच म्हातारपणी बघते हो, मुलगा बघत नाही. मुलगी झाली की एवढे पैसे मिळतात. भिंतीवरच्या घोषणा आठवा. आई हवी, बहीण हवी, बायको हवी, म्हणून मुलगी हवी. म्हणजे कुणाच्या तरी उपयोगाची म्हणूनच हवी!

भीती आणि लोभ काही काळ कामाला येतात, हे मी मान्य करते. फिल्डवर काम करताना मीसुद्धा सासूबाईंना योजनेची रक्कम आधी सांगते, कारण तेवढ्यासाठी का होईना, त्या ऐकून घेतात. पण त्यावर उभं राहिलेलं प्रेम रकमेबरोबरच संपतं. ज्या मुलीच्या नावावर योजना नाही, जी आजारी आहे, जी लग्न करायचं नाही म्हणते, जी म्हातारपणी आईबापाला बघू शकणार नाही, तिचं काय? राबियाने लग्न केलं नाही, वारस दिला नाही, कुणाची सून झाली नाही. आपल्या हिशेबात ती कुणाच्याच उपयोगाची नव्हती. तरी आठशेहून जास्त वर्षांनंतर शाही बेगमेसाठी सर्वात मोठा मान म्हणून तिचंच नाव शोधलं गेलं.

या बिनहिशेबी प्रेमाची परीक्षा कधी होते ठाऊक आहे? कागद समोर येतो तेव्हा. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत भावाइतकाच हक्क मिळाला. मुस्लिम लेकीला तर कुराणानेच वाटा दिला आहे, मुलाच्या निम्मा. पण तलाठी कार्यालयात चित्र एकच. दोघीही हक्कसोड पत्रावर सही करून, माहेरचं लुगडं घेऊन परत जातात. ‘भाऊ तुटायला नको’ ही ती भीती आणि ‘माहेर राहील’ हा तो लोभ. प्रेम असतं, तर सही मागितलीच कशाला असती?

मग आपण काय करायचं? मोठं काही नाही. तिसरी-चौथी मुलगी झालेल्या घरी मुद्दाम बारशाला जा, आणि बारसं होणार नसेल तर आपण चौघीजणी मिळून घालू. जन्मदाखल्यावर तिचं नीट नाव लागलं का, ते विचारा. घरात कुणी तिला ‘आणखी एक’ म्हणालं तर तिथल्या तिथे टोका, वय बघू नका. बाळंतिणीला खायला काय मिळतं, हे बघा. तीन मुलींनंतर पुन्हा पाळणा लांबवायचा की थांबवायचा, हे तिला ठरवू द्या. सासूबाईंशी भांडायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही.

आणि पुढच्या वेळी पाहुण्यांना मकबरा दाखवायला न्याल, तेव्हा बरोबरच्या लेकीबाळींना एवढं जरूर सांगा. ही जिची कबर आहे तिला मोठेपणा द्यायचा म्हणून जे नाव दिलं, त्याचा अर्थ ‘चौथी’ असा आहे.