कोळंबीच्या रक्तातील लढाई



बाजारातून आणलेली कोळंबी रात्रभर तशीच राहिली की सकाळी तिच्या डोक्याशी आणि सालीच्या सांध्यांवर काळे डाग दिसू लागतात. आमच्या कित्येक भगिनी ते पाहून म्हणतात, 'नासली, टाकून द्या.' कोळंबी नासली की नाही हे वासावरून आणि अंगाच्या बुळबुळीतपणावरून ठरवावे. काळा रंग हा कुजण्याचा रंग नव्हे. कोळंबी जिवंत असताना रोगजंतूंशी लढण्यासाठी तिच्या रक्तात जे रसायन राखून ठेवलेले असते, तेच ती मेल्यावरही आपले काम करीत राहते. चिरून ठेवलेले वांगे काळे पडते, त्याच्या मागेही याच जातीचे रसायन आहे. (पाठीतला काळा दोरा मात्र वेगळा. ते तिचे आतडे, ते काढलेच पाहिजे.)

कोळंबी, खेकडा, शेवंड, आणि गरिबाच्या ताटात कांद्याबरोबर परतलेला जवळा, ही सारी कवचवाल्या प्राण्यांची एकच बिरादरी. आपल्या रक्तात लोह असते म्हणून ते लाल. यांच्या रक्तात तांबे असते, म्हणून ते फिकट निळसर. आपल्यासारखे ते बंद नळ्यांतून सगळीकडे फिरत नाही. शरीराच्या पोकळीत मोकळे खेळते आणि सर्व अवयव त्यात न्हातात. म्हणजे कवचाला एक भेग पडली, एक पाय तुटला, की बाहेरचे घाण पाणी थेट रक्ताला भिडते.

आता मुख्य गोष्ट. आपल्या बाळाला गोवराची लस टोचली की त्याचे शरीर त्या रोगाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि रोगाची ओळख लक्षात ठेवते. कोळंबीजवळ प्रतिपिंडे नाहीत. आपल्यासारखी रोग ध्यानात ठेवणारी पेशीही तिच्याजवळ नाही. रक्तात फिरणाऱ्या पेशींवरच तिची मुख्य भिस्त. शास्त्रज्ञ त्यांचे साधारण तीन प्रकार मानतात: जवळजवळ कण नसलेल्या, थोडे कण असलेल्या आणि कणांनी गच्च भरलेल्या. या कणांतच दारूगोळा भरलेला असतो.

समजा, जखमेतून जिवाणू आत शिरला. जिवाणूच्या अंगावर, बुरशीच्या अंगावर, अशी काही साखरेची आणि चरबीची द्रव्ये असतात जी कोळंबीच्या स्वतःच्या शरीरात नसतात. रक्तातील काही प्रथिने ती ओळखतात आणि पेशींना जागे करतात. कोणी पेशी त्या जंतूला गिळून टाकते. जंतू मोठा असेल किंवा घोळक्याने आला असेल, तर कित्येक पेशी त्याच्या भोवती थरावर थर रचून त्याला जिवंत गाडतात. कणवाल्या पेशी फुटून आपला माल बाहेर ओततात. त्यातून ते काळे करणारे रसायन जागे होते, जंतूभोवती काळे कवच चढते आणि ते बनत असताना जी विषारी द्रव्ये निघतात ती त्याचा जीव घेतात. त्याच वेळी रक्त जखमेपाशी गोठते. जिवाणूंना मारणारी छोटी प्रथिनेही याच पेशी तयार करतात. कोळंबीतली अशी प्रथिने १९९७ मध्ये प्रथम ओळखली गेली. ही विषारी द्रव्ये कोळंबीच्या स्वतःच्या मांसालाही सोडणार नाहीत, म्हणून ती क्रिया वेळीच थांबविणारी प्रथिनेही रक्तात असतात.

पेशी जंतूला गिळते ही गोष्ट जगाला मुळात अशाच क्षुद्र जिवांनी शिकविली. रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा टोचून पाहिला, तर पेशी काट्याभोवती गोळा झाल्या. पुढे १८८४ मध्ये त्यांनी कोळंबीच्याच बिरादरीतला गोड्या पाण्यातला एक बारीक जीव घेतला. त्याने गिळलेले बुरशीचे सुईसारखे कण आतडे भोसकून बाहेर येत आणि रक्तपेशी त्यांच्यावर तुटून पडत. पेशी जिंकल्या तर जीव वाचे, हरल्या तर मरे. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते या प्रकारच्या कामाबद्दल.

जिवाणूशी ही फौज बऱ्यापैकी टिकाव धरते. विषाणूशी मात्र गाठ पडली की चित्र पालटते. १९९२-९३ च्या सुमारास पूर्व आशियातील कोळंबीच्या तळ्यांत एक रोग दिसला. कवचावर पांढरे ठिपके, आणि तीन ते दहा दिवसांत तळेच्या तळे मेलेले. १९९४-९५ मध्ये तो आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचला. कर्ज काढून तळी खणणारे बुडाले आणि तळ्यावर मजुरी करणाऱ्यांची रोजी गेली. (किनाऱ्यावरच्या भूमिहीनांची तक्रार त्याहून जुनी होती. खाऱ्या पाण्याने शेती आणि विहिरी नासल्या म्हणून ते न्यायालयात गेले आणि ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तळ्यांविरुद्ध निकाल दिला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

हा विषाणू करतो काय? तो पहारेकऱ्यांच्याच घरात शिरतो. रक्तपेशी जिथे जन्मतात त्या ऊतीत आणि काही रक्तपेशींत तो स्वतःच्या नकला काढतो. काळे करणारी क्रिया दाबून टाकणारी प्रथिनेही त्याच्याजवळ आहेत. रक्तातील पेशींची संख्या घसरत जाते, आणि मग पाण्यात एरवी निरुपद्रवी राहणारे जिवाणूही त्या उघड्या पडलेल्या शरीरावर चढाई करतात.

आणि येथेच औषध विकणाऱ्यांचे फावते. तळ्यात प्रतिजैविके ओतली गेली. प्रतिजैविक जिवाणूला मारते. विषाणूवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. आपल्या वस्तीतही साध्या सर्दीला आदल्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मुलाला देण्याची जी खोड आहे, ती अगदी याच जातीची. तळ्यांत त्यामुळे औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढले आणि औषधाचा अंश सापडला म्हणून परदेशी पाठविलेला माल परत आला. 'शक्तिवर्धक' पुड्याही विकल्या जातात. यीस्टच्या कवचातील एक द्रव्य पेशींना जागे करते हे खरे, पण तेवढ्याने पांढऱ्या ठिपक्यांचे तळे वाचत नाही.

खरा उपाय सोडण्यापूर्वीचा आहे. पिल्ले आणि त्यांच्या आया यांची प्रयोगशाळेत विषाणूसाठी तपासणी करायची, रोगमुक्त बीजच घ्यायचे. २००९ पासून आपल्याकडे परवानगी मिळालेली पॅसिफिकची पांढरी कोळंबी याच अटीवर आणली गेली. संशोधनही चालू आहे. स्वीडनमधील उप्साला येथील केनेथ सोदरहेल यांच्या गटाने २००५ मध्ये नवीन रक्तपेशी घडवायला लावणारे एक प्रथिन शोधून काढले.

पांढऱ्या ठिपक्यांची कोळंबी माणसाला बाधते काय, अशी शंका कोणाच्या मनात येईल. तो विषाणू माणसाला लागत नाही. मात्र समुद्राच्या पाण्यातले काही जिवाणू कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या कोळंबीतून पोटात गेले तर जुलाब-उलट्या होतात, म्हणून ती पुरती शिजवावी, आणि कच्ची साफ केलेली सुरी-पाटी धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नये.