डोळ्यांतली वस्ती

आपल्या मराठीला डोळ्यात काही ना काही घालण्याची भारी हौस. राखण करायची तर डोळ्यात तेल घालून, शहाणे करायचे तर डोळ्यात अंजन घालून, फसवायचे तर डोळ्यात धूळ फेकून! भाषेत ही हौस शोभून दिसते. पण ती भाषेतून उठून आपल्या घरातल्या फडताळात आली आहे आणि तेथे थेंबांच्या अर्धवट संपलेल्या बाटलीच्या रूपाने ठाण मांडून बसली आहे. डोळा जरा लाल झाला, चुरचुरला, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटल्या, की ही बाटली निघते. कोणासाठी आणली, कधी उघडली, कशावरची आहे, याची चौकशी कोणी करीत नाही.

या बाटलीविषयी लिहावेसे वाटले ते अलीकडे वाचनात आलेल्या एका गोष्टीमुळे. निरोगी, स्वच्छ, मोत्यासारख्या डोळ्यावरही जंतूंची वस्ती असते. जन्माच्या वेळीच ती तेथे येते आणि आपल्याबरोबर राहते. आतड्यांत जंतू असतात, दह्यात असतात, हे आपल्याला ठाऊक असते, पण डोळ्यात? ऐकूनच डोळे धुवायला धावावेसे वाटते. तसे धावू नये, हेच तर सांगायचे आहे.

ही वस्ती अगदी विरळ असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या त्वचेशी आणि गालाच्या आतल्या अस्तराशी डोळ्याची तुलना केली, तेव्हा डोळ्यावरचे जंतू शंभरपटींहून कमी भरले. जे असतात ते बहुधा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, कोरिनेबॅक्टेरियम अशा नावांचे, आपल्या त्वचेवरही राहणारे साधे जीव. कोकणात डोंगरउतारावर दूरदूर चार घरे असावीत, तशी ही वाडी.

ती विरळ राहते याचे श्रेय अश्रूंना. कथा-कादंबऱ्यांतून मी पात्रांना पुष्कळ रडवले, पण अश्रूंत काय असते हे फार उशिरा वाचले. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना प्रथम स्वतःच्या सर्दीच्या शेंबडात आणि मग अश्रूंत जंतू विरघळवणारे एक द्रव्य सापडले. १९२२ साली त्यांनी ते लायसोझाइम या नावाने जाहीर केले. प्रयोगाला अश्रू पुरेनात, म्हणून ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळीत असत! पेनिसिलिनचा शोध त्यानंतर सहा वर्षांनी लागला. म्हणजे त्या जगप्रसिद्ध औषधाच्या आधी त्यांना जे सापडले, ते आपण प्रत्येक जण जन्मापासून डोळ्यांत बाळगून आहोत. मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लवते आणि या पाण्याने अंगण सारवल्यासारखा डोळा सारवला जातो.

मग उरलेली वस्ती नुसतीच फुकट राहते का? अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेत रेचल कॅस्पी आणि अँथनी सेंट लेजर यांनी उंदरांवर केलेले काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरांच्या डोळ्यांवर कायम राहणारा कोरिनेबॅक्टेरियमचा एक प्रकार शरीराच्या संरक्षक पेशींना सतत थोडे जागे ठेवतो. त्यामुळे जंतुनाशक द्रव्ये अश्रूंत उतरतात आणि घातक बुरशी व जंतू यांना थारा मिळत नाही, असे त्यांना दिसले. अँटिबायोटिकचे थेंब घालून ही वस्ती उठवली, तर उंदीर बाहेरच्या रोगाला लवकर बळी पडू लागले. उंदराचे सगळेच माणसाला लागू होते असे नाही. पण हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. एस. शिवाजी यांच्या गटालाही निरोगी डोळे आणि बुरशीने जखमी झालेले डोळे यांवरच्या वस्तीत फरक आढळला आहे. तेव्हा या रहिवाशांना उपरे समजून हाकलण्याआधी थोडा विचार करायला हवा.

अर्थात त्यांना देव्हाऱ्यातही बसवायचे नाही. हेच जीव डोळ्याच्या आत शिरले तर डोळा घालवू शकतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित आत पू होतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अशा सतरा रुग्णांच्या तपासणीत चौदा जणांच्या डोळ्याच्या आतला जंतू त्यांच्याच पापणीवरच्या, डोळ्यावरच्या किंवा नाकातल्या जंतूशी तंतोतंत जुळला. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन घालतात. ओटीवर बसणारा शेजारी तिजोरीच्या खोलीत चालत नाही, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता पुन्हा बाटलीकडे. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्यापासून राज्यभर डोळ्यांची साथ पसरली. अशा साथी बहुधा विषाणूंच्या असतात. त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही. डोळे आठ-पंधरा दिवसांत आपसूक बरे होतात आणि श्रेय बाटलीला मिळते. मरतात ते घरचे रहिवासी, आणि मागे राहतात ते औषधाला न जुमानणारे. डोळ्यात वरचेवर इंजेक्शन घ्यावे लागणाऱ्या चोवीस रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाच्या एका डोळ्यात दर वेळी अँटिबायोटिक थेंब घातले, दुसऱ्यात नाही. थेंब घातलेल्या डोळ्यांवरचे जंतू त्या औषधांना दाद देईनासे झाले. उद्या खरेच शस्त्रक्रियेची वेळ आली तर?

आमचे फोंडाघाट देवगड-निपाणी रस्त्यावर, घाटाच्या पायथ्याशी. पाऊस मुबलक, शेती भाताची. कापणी-झोडणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ जाणे, भाताच्या पातीचा फटकारा बसणे हे नित्याचे. कोणी पदराच्या टोकाने कुसळ काढते, कोणी बाळंतिणीचे दूध घालते, आणि आताशा बहुतेक जण म्हणतात, "मेडिकलातना थेंब हाडलंय, घातलंय, आता बरा वाटता." हे 'बरा वाटता' फार फसवे असते. पुष्कळदा त्या बाटलीत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइडही असते. त्याने लाली उतरते, ठणका थांबतो. पण कुसळाबरोबर बुरशी आत गेली असेल तर तिला रान मोकळे मिळते. हे थेंब महिनोन्महिने चालू ठेवले तर काचबिंदूचीही भीती असते.

बँकेच्या नोकरीत पीककर्जाच्या कामासाठी मी खेडोपाडी खूप हिंडलो. एका डोळ्यात फूल पडलेला शेतकरी जवळजवळ प्रत्येक गावात भेटे. कशाने झाले, असे विचारले की बहुधा भाताचीच गोष्ट निघे. तमिळनाडूतल्या मदुराई जिल्ह्यात १९९३ मध्ये मोजदाद झाली, तेव्हा वर्षाला लाखामागे ११३ जणांच्या बुबुळाला व्रण होतो असे आढळले. त्या व्रणाचा पांढरा डाग म्हणजेच आपले हे फूल.

ते टळू शकते. नेपाळमधल्या भक्तपूर भागात गावच्या स्वयंसेवकांना बुबुळावरचा ओरखडा ओळखायला शिकवले आणि अँटिबायोटिक मलम दिले. दिवसातून तीनदा, तीन दिवस, बस्स. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ४४२ ओरखड्यांपैकी ४२४ निर्वेध भरून आले आणि अठरा तासांच्या आत मलम लागलेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. औषध तेच, अँटिबायोटिकच! फरक इतकाच, की खरी जखम पाहून, शिकवलेल्या हाताने, वेळेवर आणि मोजके दिले गेले. आपल्या आशाताईंना आणि आरोग्यसेवकांना असे शिकवणे अवघड का असावे? कापणीच्या हंगामापुरते तरी हे व्हायला हवे.

घरापुरते करण्यासारखे थोडे आहे. डोळे आले तर हात धुवावेत, टॉवेल वेगळा ठेवावा, धीर धरावा. डोळा दुखत असेल, उजेड सोसत नसेल, नजर धूसर झाली असेल किंवा मार लागला असेल, तर त्याच दिवशी कणकवली गाठून डॉक्टरांना दाखवावे. त्यांनी दिलेले थेंब सांगितले तितके दिवस घालावेत, तेही एका वेळी एकच. डोळ्यात मावते त्याहून बाटलीचा थेंब मोठाच असतो, दुसरा गालावर ओघळतो. काम झाले की बाटली फेकून द्यावी. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असे तिच्यावर छापलेले असते. दुकानदाराने ते वाचावे, आणि न वाचल्यास गिऱ्हाइकाने त्याला वाचून दाखवावे.

बाकी डोळ्याची राखण अश्रू आणि ती विरळ वाडी आपापल्या परीने करीतच असतात. आपण डोळ्यात तेल घालून राखण करायची ती फडताळातल्या बाटलीची.