रामाची खार आणि दादाची रायफल

गेल्या महिन्यात या सदरात घरासाठी इन्व्हर्टर कसा निवडावा ते लिहिलं होतं. या वेळची निवड तुमच्यापैकी बहुतेकांना कधीच करावी लागणार नाही. तरी लिहितोय, कारण ती करताना मी जे शिकलो ते इन्व्हर्टरच्या वेळी शिकलो नव्हतो.

मागच्या वर्षी कंपनीच्या कामासाठी तीन महिने अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात होतो. माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, तिथंच राहतो. वीस वर्षं झाली, आता तो तिथला नागरिक आहे. पुतण्या तेरा वर्षांचा. शेजारचे आजोबा त्याला खारींच्या शिकारीला नेणार होते. त्यासाठी पॉइंट बावीसची रायफल घ्यायची होती आणि दादानं फर्मान काढलं, "तू इंजिनिअर ना? कुठली घ्यायची ते बघून सांग."

व्हिडिओ कॉलवर आईला हे कळलं आणि बेळगावात हलकल्लोळ झाला. "रामानं जिच्या पाठीवरून हात फिरवला, ती खार मारणार? आणि खाणार?" तिकडची खार करडी असते, आपल्यापेक्षा बरीच मोठी, आणि तिच्या पाठीवर पट्टे नसतात, असं दादानं सांगून पाहिलं. "मग रामाचा हात तिथवर पोचला नसेल, पण तुझा कशाला पोचायला हवा?" यावर दादाकडे उत्तर नव्हतं. वहिनी गप्प होती. तिला पुण्य-पापापेक्षा पोराच्या हातात बंदूक येणार याचीच धास्ती होती.

मी माझ्या सवयीनं एक्सेल उघडलं.

आधी थोडं काडतुसाबद्दल. पॉइंट बावीस लाँग रायफल हे काडतूस 1887 सालचं आहे. त्याला रिमफायर म्हणतात, कारण ठिणगी पाडणारं रसायन बुडाच्या मधोमध नसून कडेच्या पोकळ काठात भरलेलं असतं. घोड्याचा टोला त्या काठावर बसतो. गोळी साधारण अडीच ग्रॅमची, धक्का जवळजवळ नाहीच, किंमत एका काडतुसाला दहा सेंटच्या आतबाहेर. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एक गोळी सुटली की रिकामं टरफल आपोआप बाहेर पडतं आणि पुढचं काडतूस नळीत जाऊन बसतं. पुढच्या गोळीसाठी चाप मात्र पुन्हा ओढावा लागतो. पेनसिल्व्हेनियात अशा रायफलीनं लहान प्राण्यांची शिकार करायला परवानगी मिळाली ती 2017 साली. त्याआधी बंदी होती.

माझ्या यादीत शेवटी तीन नावं उरली. पहिलं रुगर टेन-ट्वेंटीटू. 1964 पासून बाजारात आहे. दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन खालच्या बाजूला सपाट बसतं, त्यामुळे रायफल हातात धरून चालताना काही टोचत नाही. वजन सव्वादोन किलोच्या आसपास. सुटे भाग इतके मिळतात की आमच्या भाषेत सांगायचं तर ही ओपन सोर्स रायफल. नळी, दस्ता, चाप, हवं ते बदला. खोड एकच, शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट आपोआप उघडा राहत नाही. रिकामी झाली की नाही ते आपणच बघायचं.

दुसरं मार्लिन मॉडेल सिक्स्टी, 1960 सालचं. एक कोटीहून जास्त विकली गेलेली. आता नवी मिळत नाही, पण जुनी चांगल्या अवस्थेत स्वस्तात मिळते आणि नेमाला पक्की म्हणून तिचं नाव आहे. हिची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या लांब नळीत एकामागे एक भरतात. चौदा बसतात. भरायला सोपी, पण रिकामी करायला कटकटीची. एखादं काडतूस आत अडकून राहिलं तर वरून दिसत नाही.

तिसरं ब्राझीलमध्ये बनणारं रॉसी आरएस ट्वेंटीटू. तिघांत स्वस्त, दीडशे डॉलरच्या आसपास. वजन दोन किलोच्याही आत. प्लॅस्टिकचा दस्ता, चमकदार ठिपक्यांची माशी. फारसं नाव नाही, सुटे भागही कमी. पण पावसात भिजली तरी जीव तुटणार नाही अशी वस्तू.

किंमत, वजन, मॅगझिन, नेम, सुटे भाग. प्रत्येकाला गुण दिले आणि रुगर पहिली आली. तक्ता घेऊन मी आजोबांकडे गेलो. सत्तरी उलटलेला माणूस, आयुष्यभर जंगलात फिरलेला. त्यांनी तक्ता नीट वाचला आणि विचारलं, "यात मुलाचा हात कुठं आहे?"

मला कळेना. मग त्यांनी पुतण्याला बोलावलं, स्वतःची रायफल तीनदा तपासून, रिकामी करून त्याच्या हातात दिली. दस्ता खांद्याला लावला तर त्याची मान इतकी पुढं ताणली गेली की डोळा माशीशी जुळेना. "दस्ता लांब पडला की नेम चुकतो. नेम चुकला की खार मरत नाही, जखमी होते. मग ती ढोलीत शिरते आणि दोन दिवस मरत राहते."

माझ्या तक्त्यात या गोष्टीला रकानाच नव्हता.

रुगरमध्येच आखूड दस्त्याची आणि छोट्या नळीची कॉम्पॅक्ट आवृत्ती मिळते. ती ठरली. वहिनीनं मात्र नेमका प्रश्न विचारला, "एकेक गोळी भरायची साधी रायफल का नको?" खरं सांगायचं तर याला चांगलं उत्तर नव्हतं. दादाला हौस होती, एवढंच. आजोबांनी तोडगा काढला. पहिला पूर्ण हंगाम मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालायचं. "दहा आहेत हे माहीत असलं की पहिल्या गोळीची काळजी कमी होते," ते म्हणाले.

दुकानात मी दादाबरोबर गेलो, पण हात खिशात ठेवून. तिथल्या संघराज्याच्या कायद्यानं तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजकेच अपवाद आहेत. माझ्याकडे परवाना नव्हता. प्रोजेक्टसाठी परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एवढं लक्षात ठेवावं. मित्र हौसेनं रायफल हातात देतो, आपण फोटो काढतो, आणि ती थट्टा राहत नाही. दादानं फॉर्म भरला, सरकारी तपासणी झाली, रायफल घरी आली आणि थेट कुलुपाच्या लोखंडी कपाटात गेली. किल्ली वहिनीकडे. मुलानं शिकारीचा सक्तीचा अभ्यासक्रम आधीच पूर्ण केला होता.

पुढचे दोन शनिवार रेंजवर गेले. पन्नास यार्डांवर चार प्रकारची काडतुसं मारून पाहिली. सेमी-ऑटोमॅटिक रायफल खाण्याच्या बाबतीत नखरेल असते. मंद वेगाच्या काडतुसांनी बोल्ट पुरता मागं जाईना, टरफल अडकायचं. एका प्रकाराच्या गोळ्या मात्र नाण्याएवढ्या जागेत बसल्या. त्याच घेतल्या. महागडी दुर्बीण घेण्याआधी हे करावं, हा माझा व्यावहारिक सल्ला.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी आम्ही जंगलात गेलो. सगळ्यांच्या अंगात भडक नारिंगी जाकिटं, डोक्यावर तशाच टोप्या. तिथं तो नियमच आहे. पिवळ्या पानांचा खच पडलेला. आजोबांनी पुन्हा बजावलं, की खार फांदीवर असेल आणि मागं आभाळ असेल तर चाप ओढायचा नाही. ही चिमुकली गोळी चुकली तर दीड मैलापर्यंत जाऊ शकते. मागं जाड खोड हवं.

तासाभरानं एक खार ओकच्या बुंध्यावर थबकली. वीसेक यार्ड. मागं खोड. पोरानं सेफ्टी काढली, श्वास सोडला, चाप ओढला. टक्. बस्स, एवढाच आवाज. काडतूस फुसकं निघालं. रिमफायरमध्ये असं अधूनमधून होतं, काठात रसायन सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं.

खार तिथंच होती. माझ्या मनात आलं, लगेच बोल्ट ओढ, दुसरं काडतूस घाल. पण पोरगं हललं नाही. काडतूस कधीकधी उशिरा पेटतं, म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून तीस आकडे मोजायचे असतात. तो मोजत होता. पुटपुटत, मराठीत. एक, दोन, तीन... सतराला खार शेपूट उडवून निघून गेली. तो तीसपर्यंत मोजत राहिला. मग बोल्ट उघडला, काडतूस बाहेर काढलं आणि आजोबांच्या हातात दिलं. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त त्याची टोपी सरळ केली.

संध्याकाळी वहिनीला हे सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "तीसपर्यंत मोजलं?" आणि किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवून भात लावायला गेली. त्या हंगामात नंतर त्याला दोन खारी मिळाल्या. आजोबांनी सोलायला शिकवलं, त्यांच्याच घरी शिजवल्या, त्यानं खाल्ल्या. आईला हे अजून सांगितलेलं नाही. हा अंक ती वाचते, म्हणजे आता कळलंच.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. खानापूरकडच्या खेड्यांत पीक राखायला परवान्याच्या बंदुका आहेत, त्याही निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. पण कुणाला नेमबाजीची आवड असेल तर रस्ता जवळून जातो. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच पॉइंट बावीस काडतुसानं. आणि त्या प्रकारात प्रत्येक गोळी हातानं, एकेक करून भरतात.

आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बघ, त्यालाही दहा लागत नाहीत."