विकर्णाला नायक करू नका

महाभारतात विकर्ण ठळकपणे दोनदाच दिसतो. पहिल्यांदा द्यूतसभेत. द्रौपदीच्या प्रश्नावर भीष्म-द्रोणांसकट सगळे वडीलधारे गप्प असताना धृतराष्ट्राचा हा मुलगा उठतो आणि कसलेल्या वकिलासारखा एकेक मुद्दा मांडतो. व्यसनात बुडालेल्या माणसाचा व्यवहार धरायचा नसतो. द्रौपदी पाचांची आहे, एकट्या युधिष्ठिराची नाही. त्याने आधी स्वतःला हरवले आणि मग तिला पणाला लावले. शिवाय तिचे नाव काढले ते शकुनीने. म्हणून ती जिंकली गेलेली नाही. सभेत वाहवा होते, पण लगेच कर्ण त्याला पोरसवदा ठरवून गप्प करतो आणि वस्त्रे उतरवायला सांगतो. दुसऱ्यांदा विकर्ण भेटतो तो थेट युद्धाच्या चौदाव्या दिवशी. भीमाने कर्णाला जेरीस आणले आहे. त्याला सोडवायला दुर्योधन आपल्या सात भावांना धाडतो, त्यांत विकर्ण असतो. सातही पडतात. भीम हळहळतो तो एकट्या विकर्णासाठी: सगळ्यांना मारण्याची प्रतिज्ञा होती, म्हणून तुलाही मारावे लागले. ज्या कर्णाने भर सभेत तोंड बंद केले, त्यालाच वाचवायला जाऊन विकर्ण मेला, हे कथा स्वतःहून सांगत नाही. दोन प्रसंग एकमेकांपासून लांब ठेवलेले आहेत आणि मधली जागा मोकळी आहे.

फॅन फिक्शन नावाचा लेखनप्रकार अशाच मोकळ्या जागांवर उभा राहतो. आवडत्या कादंबरीतले, चित्रपटातले, मालिकेतले एखादे पात्र घ्यायचे, बहुतेकदा मूळ लेखकाने दोन-चार ओळींत उरकलेले, आणि त्याची गोष्ट आपण लिहायची. कॉलेजातली मुले-मुली हे मराठीतही लिहितात, इंग्रजीतही. घरातल्या मोठ्यांना बहुधा ते परदेशातून आलेले खूळ वाटते. ते खूळ नाही आणि परदेशातून आलेलेही नाही. पण ते चांगले होते कधी आणि फसते कधी, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. माझे म्हणणे असे की, दुय्यम पात्राची सगळी पुंजी त्याच्या दुय्यमपणात असते. त्याला मोठे करण्याच्या उत्साहात तो दुय्यमपणाच पुसला, तर हातात पात्र उरत नाही. उरतो तो आणखी एक नायक, आणि नायकांचा तुटवडा कुठल्याच वाङ्मयात नाही.

मराठी वाचकाच्या घरातलेच उदाहरण घेऊ. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967 साली आली. कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहाजण तिथे आपापल्या तोंडाने बोलतात. यांतला शोण, म्हणजे कर्णाचा धाकटा भाऊ. अधिरथ आणि राधेला पुढे स्वतःची मुले झाली, एवढ्या माहितीवर सावंतांनी हे माणूस उभे केले. वृषालीचेही तसेच. स्त्रीपर्वात गांधारी रणांगणावरची प्रेते कृष्णाला दाखवत जाते, तेव्हा कर्णाच्या प्रेताजवळ त्याची बायको आक्रोश करताना दिसते. तिची ओळख काय, तर वृषसेनाची आई. आज मात्र मराठी माणसाला कर्णाच्या बायकोचे नाव विचारा, तो क्षणात ‘वृषाली’ म्हणेल, आणि ते व्यासांनीच सांगितले आहे असे शपथेवर सांगेल. चाहत्याने लिहिलेल्या पात्राचा यापेक्षा मोठा विजय कोणता असू शकतो? पण हा विजय कशाच्या जोरावर मिळाला, ते बघायला हवे. शोण कुठलीही लढाई फिरवत नाही, कुणाचे शाप टाळत नाही. तो मोठ्या भावाच्या मागे मागे असतो, खालून वर बघतो. कर्णाची उंची आपल्याला कळते ती त्या खालून बघणाऱ्या डोळ्यांमुळे. सावंतांनी शोणाला आवाज दिला, पण त्याची जागा बदलली नाही.

त्याच 1967 मध्ये इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले. ती कादंबरी नव्हे, पण दुय्यम पात्राकडे कसे पाहावे याचा तो वस्तुपाठच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने अनेक दशके खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. इरावतीबाईंनी ती आधाराला घेतली आणि पात्रांना प्रश्न विचारले. विदुर हा युधिष्ठिराचा पिता तर नसेल, ही शंका त्यांनी मांडली ती सनसनाटी म्हणून नव्हे. अरण्यात विदुर देह ठेवतो आणि योगबळाने युधिष्ठिरात शिरतो, अशासारख्या मूळ कथेतल्याच खुणा त्यांनी एकापुढे एक ठेवल्या, आणि निकाल न देता प्रश्न प्रश्नच ठेवला. विदुर त्यामुळे राजा होत नाही. दासीचा मुलगा, सल्ला देणारा आणि सल्ला न ऐकला जाणारा, हाच तो राहतो. पण त्याचे गप्प बसणे आपल्याला आता निराळे ऐकू येते.

आता विकर्णाकडे परत येऊ आणि एखाद्या हौशी लेखकाने त्याच्यावर कथा लिहायला घेतली अशी कल्पना करू. पहिला मोह असा की विकर्ण आतून पांडवांचा होता, रात्री गुपचूप निरोप धाडत होता, असे दाखवायचे. दुसरा मोह, त्याचे द्रौपदीवर मूक प्रेम होते. तिसरा, सभेतल्या अपमानाचा सूड म्हणून तो कर्णाला वाचवायला गेलाच नाही, मुद्दाम उशीर केला. तिन्ही कथा वाचनीय होतील, आणि तिन्हींत विकर्ण हरवेल. कारण त्याचे कोडे नेमके असे आहे की, ज्याला अन्याय कळला, ज्याने तो बोलून दाखवला, तोच माणूस अन्याय करणाऱ्यांच्या बाजूने लढत राहिला आणि मेला. त्याच्या सावत्र भावाने, युयुत्सूने, बाजू बदलली; याने बदलली नाही. हे कोडे आपल्या ओळखीचे आहे. बैठकीत एकदाच विरोध नोंदवून नंतर निमूटपणे सही करणारी माणसे प्रत्येक कचेरीत, प्रत्येक कुटुंबात असतात. त्याला गुप्त पांडव केले की कोडे सुटते, पण कथाही संपते. त्याला प्रेमिक केले की त्याचा न्यायाचा मुद्दा खासगी होतो. लेखकाचे काम विकर्णाला सोडवणे हे नाही. त्या अडकलेपणात त्याच्याबरोबर थोडा वेळ बसणे हे आहे.

जगातले गाजलेले उदाहरणही हेच सांगते. टॉम स्टॉपर्ड यांनी 1966 साली शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधल्या रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डेन्स्टर्न या दोन किरकोळ दरबाऱ्यांना घेऊन पूर्ण नाटक लिहिले. ते दोघे मूळ नाटकात मरतात, इथेही मरतात. मूळ नाटकात त्यांना काय चालले आहे ते कळत नाही, इथेही कळत नाही. फरक एवढाच की त्यांचे ते न कळणे हाच नाटकाचा विषय झाला. उलट बाजूला कोणी कालिदासाचे नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवे. महाभारतातली शकुंतला दुष्यंताला भर दरबारात खडे बोल सुनावते. तो ओळखूनही ओळख नाकारतो. कालिदासाने दुर्वासांचा शाप आणला, अंगठी आणली, मासा आणि कोळी आणला. नाटक अजरामर झाले. मग नियम कुठे राहिला? मला वाटते, नियम राहिलाच, फक्त त्याची किंमत कोणी दिली ते दिसले. शापामुळे दुष्यंत निर्दोष सुटला आणि मूळच्या शकुंतलेची धार बोथट झाली. कालिदासाला ती किंमत परवडली, कारण त्याच्याजवळ बदल्यात द्यायला कालिदासाची प्रतिभा होती. आपल्यापैकी बहुतेकांनी तो सौदा करू नये.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. लहान पात्राला लहानच ठेवा म्हणणे म्हणजे ज्यांना कथेने कडेला बसवले त्यांना कडेलाच बसवणे नव्हे काय? दासी, सूत, निषाद यांना व्यासांनी चार श्लोक दिले, ते काही कलेच्या गरजेपोटीच दिले असे नाही. त्या समाजाला ती माणसे तेवढीच दिसत होती. मग आजच्या लेखकाने एकलव्याला मध्यभागी का आणू नये? आणावेच. मराठीतल्या दलित आणि आदिवासी जाणिवेच्या लेखनाने एकलव्याकडे पाहायची नजर बदलली, ती योग्यच होती. पण त्या लेखनाने काय केले ते नीट पाहिले पाहिजे. एकलव्य मध्यभागी आला तो तुटलेल्या अंगठ्यासह. त्याचा राग, त्याची प्रतिष्ठा, द्रोणाला विचारलेला जाब, सगळे त्या अंगठ्यातून आले. समजा कोणी अशी कथा लिहिली की एकलव्याने ऐनवेळी नकार दिला आणि अर्जुनाला हरवले. वाचताना बरे वाटेल, पण त्या क्षणी द्रोण गुन्हेगार राहणार नाही, कारण गुन्हा घडलेलाच नसेल. म्हणजे दुय्यमपणा राखा याचा अर्थ मान कमी ठेवा असा नाही. त्या माणसावर कथेने जे लादले ते खोडू नका, त्याचा हिशेब मागा, असा आहे.

ही गोष्ट पुराणकथांपुरती नाही. भाईंदर पूर्वेला जेसल पार्कची वस्ती जिथे संपते तिथे वसईची खाडी लागते. पुलावरून लोकल नायगावकडे धडधडत जाते, मध्ये पाणजू बेट, काठाला तिवरे, ओहोटीला उघडा पडणारा काळा गाळ. 1737 ते 1739 या काळात साष्टी आणि वसईची मोहीम याच पाण्याच्या आसपास झाली. भाईंदरच्या पश्चिमेचा धारावीचा किल्ला आधी पडला, मग मे 1739 मध्ये वसई. या मोहिमेचा नायक चिमाजी अप्पा, हे ठरलेले आहे आणि रास्तही आहे. त्यांच्या मागे अणजूरचे गंगाजी नाईक. साष्टीच्या बखरीमुळे त्यांचे नाव तरी उरले. त्यांच्याही मागे तो तांडेल, ज्याच्या भरवशावर माणसे खाडी उतरली. तो ‘फौज खाडी उतरली’ या वाक्यात आहे, पण त्या वाक्याला कर्ताच फौज आहे. जेसल पार्कात राहणाऱ्या एखाद्या मुलीने त्याची गोष्ट लिहायची ठरवली, तर तिच्याजवळ कुठल्याही इतिहासकारापेक्षा एक गोष्ट जास्त आहे: खिडकीतून दिसणारी भरती-ओहोटी. उधाणाला पाणी कुठवर चढते, भांगाला कुठे गाळ लागतो, रात्री प्रवाह कसा ओढतो, हे ती पाहू शकते. तिने त्या तांडेलाला चिमाजी अप्पांच्या खलबतखान्यात नेऊन बसवू नये. तो तिथे जाऊच शकला नसता. त्याला मोहीम कळते ती नावेत बसलेल्या शिपायांच्या तुटक बोलण्यातून आणि परतताना रिकाम्या राहिलेल्या जागांमधून. मराठ्यांनी वसई घेतली हे इतिहास सांगतो. किती फेऱ्यांत घेतली, ते तोच सांगू शकेल.

दोन आक्षेप उरतात, ते लवकर उरकता येतील. पहिला श्रद्धेचा: देवादिकांच्या कथेला हात लावू नये. हा आक्षेप घेणाऱ्याला मराठी भक्तिपरंपराच उत्तर देते. एकनाथांनी ‘भावार्थ रामायण’ रचले, मोरोपंतांची 108 रामायणांची ख्याती आहे, आणि जात्यावर बसणाऱ्या बायकांनी सीतेचा वनवास आपल्या सासुरवासाच्या शब्दांत गायला. हात लावणे हीच इथली भक्तीची रीत होती; फक्त लावणारा हात प्रेमाचा हवा. दुसरा आक्षेप मालकीचा, आणि तो खरा आहे. व्यासांना वारस नाहीत, पण आधुनिक लेखकांना आहेत. आपल्या 1957 च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतात. भा. रा. भागवत 2001 साली गेले, म्हणजे फास्टर फेणेवर लिहून ते विकायचे तर परवानगी हवीच. 2017 च्या चित्रपटात फेणे तरुण झाला आणि खुद्द भागवत पात्र म्हणून पडद्यावर आले; पात्राचे आयुष्य लेखकापाशी संपत नाही याची ती गोड कबुली होती. पण हौसेने लिहून मित्रांना वाचायला देणे वेगळे आणि बाजारात मांडणे वेगळे, एवढे भान नव्या लेखकांना शिकवायलाच हवे.

तेव्हा शाळा-कॉलेजांत कथालेखनाची शिबिरे घेणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. ‘मनाने काहीही लिहा’ म्हणण्याऐवजी एखादे दुय्यम पात्र द्या. मूळ कथेत त्याच्या वाट्याला आलेली प्रत्येक ओळ आधी वहीत उतरवून घ्यायला सांगा. मग अट घाला की यातली एकही ओळ खोटी ठरता कामा नये. कल्पनाशक्तीला अशी वेसण घातली की मुले कुरकुरतील, पण थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात येईल की प्रश्न आता अगदी बारीक झाला आहे आणि म्हणूनच अवघड. विकर्णाच्या बाबतीत तो एवढाच उरतो: भाऊ ‘जा’ म्हणाला, समोर कर्णाचा रथ अडचणीत होता, आणि घोडे तिकडे वळवताना तो सारथ्याशी काही बोलला असेल, तर काय?