विहिरीतली लाल रेघ

सावरगाव म्हटलं की लोक एकच विचारतात, “गोटमारवालं का?” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, एवढंच आपलं नाव. पण हेच दगड वाचायला शिकलो तर?

दख्खनच्या काळ्या खडकात विहीर खणताना दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी लाल पट्टा लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहून थिजला. पुढचा लाव्हा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला. तेवढ्यात ऊन-पावसानं खडक कुजला, माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि ती माती खाली गाडली गेली, भाजली. ही जीवाश्म माती. प्रत्येक लाल पट्टा मातीचाच असतो असं नाही, काही ज्वालामुखीच्या राखेचेही असू शकतात. म्हणून तर तपासायला हवं.

सौसरच्या आसपासच्या दगडांत सापडलेल्या वनस्पतींवर बिरबल साहनी आणि राव यांनी १९४३ मध्ये लिहिलं. मोहगाव कलानची अश्मीभूत फळं तर जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. त्यांचा अभिमान हवाच. पण फळ वाहत येऊन तळ्यात पडू शकतं, माती मात्र जागची हलत नाही. तिच्यात मुळांच्या वाटा, किड्यांची बिळं, चुन्याचे खडे राहतात. पाऊस कसा होता, पाणी साचायचं का, हे तीच सांगते. न्यूयॉर्क राज्यातल्या कैरोजवळच्या खाणीत ३८.६ कोटी वर्षांपूर्वीच्या मातीत झाडांच्या मुळांचं जाळं जसंच्या तसं सापडलं. जमिनीवर जंगल कसं उभं राहिलं, ते असं कळतं.

शोभेचं नाही म्हणून फेकू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला सापडलेल्या अश्मीभूत शेणातच गवताचे अंश मिळाले आणि डायनासोरच्या काळात गवत होतं, हे २००५ मध्ये जगाला कळलं.

विहीर थांबवा असं मी म्हणत नाही, पाणी आधी. पण लाल पट्टा लागला तर खोली लिहून ठेवा, फोटो काढा, एक ढेकूळ शाळेत द्या. विहीर एकदा बांधून झाली की तो थर पुन्हा दिसत नाही. काळी, भरड, मुरमाड, चोपण अशी माती नावानिशी ओळखणाऱ्या माणसांना हे अवघड नाही. त्यांना फक्त कुणीतरी सांगायला हवं, आणि मराठीत.